जिबरेलिन एकोणतीस

सोहारला बाहेर शेहेचाळीस, आत सोळा.
काचेच्या खोलीत वाटाणे वाढतात,
त्यांना ही वाळू ठाऊकच नाही.
फूल उमललं की देठाला दोरा बांधायचा, दोऱ्यावर तारीख.
मग दर तिसऱ्या दिवशी एक शेंग उसवायची,
दाणा चिमट्यात धरून साल सोडवायची.
साल एका नळीत, डाळी दुसऱ्या.
अकरा महिने हेच करतेय. नखं हिरवट झालीत.

मंगळवारी दूरमोहम्मद द्रव नायट्रोजनचा पिंप आणतो.
झाकण उघडताना दर वेळी बिस्मिल्ला म्हणतो
आणि हल्ली मीही, मनातल्या मनात.

दाणा भरत असतो तेव्हा त्याच्यात
वाढीचं रसायन इतकं साठतं
की तो तिथेच, शेंगेतच, उठून उभा राहील.
राहत नाही.
डाळी त्या विसाव्या जिबरेलिनला
ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतात, एकच,
पण अशा जागी
की चहात मीठ पडावं.
झाला एकोणतीस. आता तो कुणालाच वाढवणार नाही.

"म्हणजे विसाचे एकोणतीस झाले की संपलं,"
खुलूद हसते. तिला परवाच एकोणतिसावं लागलं.
सापडले त्या क्रमाने नंबर दिलेत गं,
मी म्हणते, त्यात भविष्य बघू नकोस.
ती तरी बघतेच, पेन चावत.

निकामी झालेला हा एकोणतीस
डाळीत बसून राहत नाही.
हळूहळू सालीत जातो
आणि तिथे त्याची उरलीसुरली मोडतोड होते.
साल,
परभणीला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं हे,
मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं,
साल दाण्याची नसतेच.
साल आईची. तिच्याच पेशी,
ताणून ताणून पातळ झालेल्या.

अंबाजोगाईला न्हाणीमागे आई भांडी घासायची,
तिथे उकिडवी बसून मी सांगायचे:
केस कापते, कॉलेज सोडते,
नाशकात मावसबहिणीकडे जाऊन राहते, आजच.
ती राखेचा बोळा फिरवत हूं म्हणायची.
दुसऱ्या दिवशी विचारलं तर,
"कसलं गं? मला तर काही बोलली नाहीस."
मी किती चिडायचे.
विसरते, वाटायचं. ऐकतच नाही, वाटायचं.

चौथ्या कप्प्यात एक वाण आहे,
आम्ही त्याला लंबू म्हणतो.
त्याच्या दाण्यात ही मोडतोड होतच नाही.
रुजला की आठवडाभरात हातभर,
फिकट, कांडी न् कांडी लांबलेली,
काडीचा आधार दिला नाही तर आडवा.
खुलूदला तोच आवडतो.
डॉक्टर इख्लास म्हणतात, थांबा थोडं,
दहाएक पेरं गेली की दाण्यातला साठा संपतो
आणि तोही बाकीच्यांसारखाच वाढतो.
मग आई नसती तरी चाललं असतं का?
हा प्रश्न मी वहीत लिहिला
आणि कामाची वही म्हणून खोडला.

काल मशीनवर सालीची नळी लावली.
फुलल्यापासून चौतिसावा दिवस,
दाणा वाळलेला, साल कागदासारखी.
वाटलं, आता काय सापडणार.
पडद्यावर रेष सरळ, सरळ, सरळ,
आणि मग एकदम एक सुळका:
तोच तो, मोडलेला, निरुपयोगी,
पण पुरा. सगळा तिथेच होता.
खुलूदने विचारलं, रीडिंग चुकलं का?
मी म्हटलं, परत लावू.
परत तेच.

शुक्रवारी खोलीवर वाटाणे भिजत घालते.
साली सुटून पाण्यावर येतात.
पूर्वी गाळून टाकायचे.
आता तशाच राहू देते उसळीत;
दातात अडकतात, चव काही खास नाही.
फोनवर आई विचारते, काय केलंस आज?
सांगते.
ती हूं म्हणते.